गटरवाला निवडताना: भाव नंतर, आधी पाणी कुठे जाणार ते विचारा

हेडफोन लावलेत ना? आज विषय जरा विचित्र वाटेल. आजचा पूर्ण भाग गटरवर आहे.

हसू नका. आपल्याकडे गटर म्हटलं की रस्त्याकडेची नाली डोळ्यासमोर येते. अमेरिकेत मात्र गटर म्हणजे छपराच्या कडेला लावलेली पन्हळ. छपरावरचं पाणी त्या पन्हळीत पडतं, उभ्या पाइपातून खाली येतं आणि घरापासून लांब जातं. त्या उभ्या पाइपाला इथे डाउनस्पाउट म्हणतात.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. सांगलीकडचा, बीटेक करून नोकरीसाठी इकडे आलो. सध्या मिनेसोटात, मिनियापोलिसच्या पश्चिमेला राहतो. या राज्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवरच ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. सरकारी मोजणीप्रमाणे १० एकरांपेक्षा मोठी तळी ११,८४२ आहेत, म्हणजे इथे नम्रपणे कमीच सांगितलंय! आमचं घर अशाच एका तळ्याजवळ, झाडीत आहे. जुनं घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाचं गटर जागोजागी लोंबत होतं. ते बदलायला माणूस शोधताना जे कळलं, ते आज सांगतो. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण मिशिगन, विस्कॉन्सिन, ओंटारिओ अशा थंड भागांत आहेत, पहिलं घर घेण्याच्या वयात आहेत. त्यांना नक्की उपयोग होईल.

सगळं एका वाक्यात सांगायचं तर असं: गटर हा विकत घ्यायचा पत्रा नाही, तो पाण्याच्या वाटेचा एक तुकडा आहे. जो कॉन्ट्रॅक्टर वाटेबद्दल बोलतो त्याला धरा. जो फक्त पत्र्याबद्दल बोलतो त्याला चहा पाजून पाठवून द्या.

आता, हे एवढं महत्त्वाचं का?

कोकणातली घरं आठवा. वळचणीला पन्हळ असो नसो, पागोळ्या थेट अंगणात पडतात. चार महिने धो धो पाऊस, तरी घर उभं असतं. कारण घर जोत्यावर असतं आणि घराखाली खोली नसते. इथे उलट. घराखाली बेसमेंट, म्हणजे अर्धं घर जमिनीत. जमीन हिवाळ्यात खोलवर गोठते, म्हणून घराचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. मिनेसोटाच्या दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच, असा नियमच आहे. एवढं खोल खणायचंच आहे तर खोलीच करा, असा साधा हिशेब. आमच्या बेसमेंटमध्ये एक बेडरूम आहे. आई-बाबा उन्हाळ्यात सहा महिने येतात तेव्हा तिथे झोपतात. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे थेट माती आहे. ती ओली राहिली की भिंत ओली, आणि भिंत ओली की बुरशी. बाबांना दमा आहे. त्यामुळे आमच्यासाठी हा प्रश्न घराच्या शोभेचा नव्हताच.

पाणी किती असतं बघा. छपराचं क्षेत्रफळ वरून बघितल्यावर १,२०० चौरस फूट दिसतंय असं धरा. त्यावर एक इंच पाऊस पडला तर पाणी होतं साधारण २,८०० लिटर. आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या असतात ना, तशा जवळजवळ तीन. एका पावसात. गटर फुटकं असेल तर त्यातलं बरंचसं पाणी भिंतीच्या बुडाशीच पडणार. तीच माती हिवाळ्यात गोठली की फुगते आणि पायाच्या भिंतीला ढकलते.

हा झाला पाऊस. आता बर्फ.

आपल्याकडे ‘वळचणीचं पाणी आढ्याला गेलं’ असं म्हणतात, म्हणजे अशक्य ते घडलं. मिनेसोटात ते दर हिवाळ्यात घडतं! कसं ते सांगतो. छपरावर फूटभर बर्फ साचलाय. घरातली गरम हवा फटींमधून वर माळ्यावर, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये जाते. छप्पर आतून तापतं, बर्फ खालून वितळतो आणि पाणी उताराने वळचणीकडे येतं. पण वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली गरम खोली नसते. तिथे पाणी पुन्हा गोठतं. रोज थोडं थोडं करत कडेला बर्फाचा बांध तयार होतो. त्याला आइस डॅम म्हणतात. त्या बांधामागे पाणी तुंबतं, छपराच्या शिंगल्सखाली उलटं वर सरकतं आणि तिथून थेट तुमच्या हॉलच्या छतात उतरतं.

आता नीट ऐका, कारण विक्रेते नेमकं इथेच गोंधळ घालतात. आइस डॅम गटरमुळे होत नाही. गटर नसलेल्या घरांवरही होतो. आणि नवीन गटर लावल्याने, त्यावर महागडी जाळी बसवल्याने तो थांबतही नाही. त्याचं मूळ माळ्यावर आहे. दिव्यांच्या, पाइपांच्या, चिमणीच्या आजूबाजूच्या फटी बुजवणं, इन्सुलेशन वाढवणं, माळ्यात हवा खेळती ठेवणं, हे खरे उपाय. गटरच्या कडेने तापणाऱ्या वायरी लावतात, त्यांनी पाण्याला वाट मिळते. पण ती मलमपट्टी आहे आणि विजेचं बिल वेगळं येतं.

तिसरी गोष्ट झाडं. आमच्याकडे ओक, मेपल, बर्च आणि पांढरे पाइन आहेत. मेपल ऑक्टोबरमध्ये एकदाच पानं टाकून मोकळा होतो. पण लाल ओक वाळलेली पानं हिवाळाभर अंगावर ठेवतो आणि बरीचशी वसंतात टाकतो. पाइनच्या सुया बारीक, लांब. कुठल्याही भोकात शिरतात. जूनमध्ये कॉटनवूडचा कापूस उडतो तो वेगळाच. म्हणजे ‘वर्षातून एकदा साफ करा’ हे वाक्य मोकळ्या वस्तीत चालेल, झाडीत नाही.

तर ही पार्श्वभूमी. आता माणसं. आम्ही तिघांना बोलावलं. नावं घेत नाही, नावांचा उपयोगही नाही, कारण हे तीन प्रकार तुम्हाला प्रत्येक गावात भेटतील.

पहिला आला तो टॅबलेट घेऊन. डायनिंग टेबलवर बसला आणि पाऊण तास जाळीचा डेमो दिला. बाटलीतून पाणी ओतलं, पानं टाकली, सगळं झकास. पण छपराकडे त्याने एकदाही मान वर करून बघितलं नाही. शेवटी आकडा सांगितला, तो भरमसाट होता. मग म्हणाला, “आज सही केलीत तर चाळीस टक्के सूट.” माझी बायको म्हणाली, “आणि उद्या केली तर?” तो हसला, आम्हीही हसलो, विषय संपला. एक दिवसात चाळीस टक्के उतरू शकणारी किंमत मुळात किंमतच नव्हती.

दुसरा आलाच नाही. त्याने सॅटेलाइटच्या फोटोवरून छपराची कड मोजली आणि ईमेलवर भाव पाठवला, फुटाला इतके. भाव सगळ्यात कमी होता. पण सॅटेलाइटला फळी कुजली आहे का ते दिसत नाही, आणि जमिनीचा उतार घराकडे आहे की घरापासून लांब, हेही दिसत नाही. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट न विचारता एस्टिमेट देणं म्हणतात. असं एस्टिमेट नंतर कुठे जातं, ते आयटीवाल्यांना सांगायला नको.

तिसरा पन्नाशीचा गृहस्थ. आल्या आल्या शिडी न काढता आधी घराभोवती एक फेरी मारली. मग बेसमेंट बघू का म्हणाला. कोपऱ्यातल्या भिंतीवर पांढरी खार फुटली होती ती बघून लगेच बाहेर गेला आणि बरोबर त्याच कोपऱ्यावरचा डाउनस्पाउट दाखवला. तो भिंतीपासून दीड फुटावर संपत होता. मग वर चढला, गटरमागच्या फळीत स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. ती फळी म्हणजे फॅशिया. गटरचं सगळं वजन तिच्यावर असतं. दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा आत गेला.

मग त्याने दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला आवडल्या. एक, “तुम्हाला आइस डॅमचा त्रास असेल तर तो माझ्याने सुटणार नाही. आधी माळ्याचं ऑडिट करून घ्या.” इथल्या वीज आणि गॅस कंपन्या असं ऑडिट स्वस्तात करून देतात, दारात मोठा पंखा लावून घरातल्या हवेच्या गळत्या शोधतात. आणि दोन, “गॅरेजच्या मागच्या बाजूला गटर नकोच. तिथे बेसमेंट नाही, जमीन घरापासून लांब उतरते. खडीचा पट्टा टाका, पुरे.” जो माणूस स्वतःचं काम कमी करून सांगतो, त्याचं बाकीचं बोलणं जरा लक्ष देऊन ऐकावं.

कोटेशन दुसऱ्यापेक्षा जास्त आणि पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश होतं. काम त्यालाच दिलं.

आता तुम्हाला नेमकं काय विचारायचं ते सांगतो. मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा.

पहिला प्रश्न: हँगर किती अंतरावर? हँगर म्हणजे गटर फळीला धरून ठेवणारी पट्टी. उबदार भागात २४ इंचांवर एक चालते. बर्फाच्या भागात १२ ते १६ इंच मागा. ४० फूट गटर काठोकाठ गोठलं तर त्यातला बर्फ एका माणसाच्या वजनाइतका सहज भरतो, वर लोंबणारे सुळे वेगळेच. आणि हँगर स्क्रूने बसवणार की खिळ्याने, हेही विचारा. लांब खिळ्याने ठोकलेली जुनी गटरं गोठणं-वितळणं करत करत हळूहळू बाहेर येतात. आमचं लोंबत होतं ते त्यामुळेच.

दुसरा: पत्रा किती जाड? अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण दोन जाड्या मिळतात, ०.०२७ इंच आणि ०.०३२ इंच. थंड, झाडीच्या भागात जाड घ्या. फांदी पडते, शिडी टेकते, बर्फ घसरतो.

तिसरा: मापं काय? गटर ५ इंची की ६ इंची, डाउनस्पाउट २ बाय ३ इंच की ३ बाय ४? झाडीत खरी अडचण डाउनस्पाउटच्या तोंडाशी असते. मोठ्या पाइपातून ओली पानं निघून जातात, लहानात बोळा बसतो. आम्ही ६ इंची गटर आणि मोठे पाइप घेतले.

चौथा: लांब सरळ भागात प्रसरणाचं काय? हा प्रश्न विचारताना माझ्यातला बीटेक जागा झाला, पण तो खरा आहे. १२ मीटर अ‍ॅल्युमिनियम आणि उणे ३० ते अधिक ३० असा ६० अंशांचा फरक धरला, तर पत्रा साधारण १६ ते १७ मिलिमीटर लांब-आखूड होतो. दोन्ही टोकं जखडून टाकली तर जोड उघडणार. अनुभवी माणूस याचं उत्तर एका वाक्यात देतो. नवखा विषय बदलतो.

पाचवा: गटरची बाहेरची कड छपराच्या उताराच्या रेषेच्या खाली राहणार ना? म्हणजे छपराचा उतार सरळ पुढे वाढवला तर ती रेषा गटरच्या वरून गेली पाहिजे. तसं नसेल तर घसरणारा बर्फ गटरला धडकतो आणि उपटून खाली घेऊन येतो.

सहावा, जाळीबद्दल. पाइनच्या सुया असतील तर मोठ्या भोकांची जाळी फुकट, आणि गटरमध्ये कोंबायचा फोम त्याहून वाईट, त्यात बिया रुजतात. स्टीलची अगदी बारीक जाळी बरी चालते, पण तीही वरून झाडावी लागते. ‘आयुष्यात पुन्हा साफ करावं लागणार नाही’ असं कोणी म्हणालं, तर ते वाक्य करारात लिहून द्या म्हणा. बहुतेकदा तिथेच संभाषण थंडावतं.

आणि सातवा, सगळ्यात मोठा: पाणी शेवटी कुठे जाणार? भिंतीपासून किमान सहा फूट, जमलं तर दहा. पण ते पाणी चालायच्या वाटेवर सोडू नका. हिवाळ्यात दुपारी वितळलेलं पाणी रात्री तिथे काच होतं, आणि सकाळी पेपर आणायला गेलेला माणूस कंबर मोडून घेतो. कोणी जमिनीखालून पाइप नेऊ म्हणालं, तर हिवाळ्यात तो गोठल्यावर काय, हे विचारा. खणण्याआधी ८११ नंबरला फोन करायचा असतो. गॅसच्या, विजेच्या लाइन कुठे आहेत ते फुकट खुणा करून देतात. हा फोन कोण करणार तेही आधीच ठरवा.

तळ्याजवळ घर असेल तर आणखी एक. पाइप थेट तळ्यात सोडायचा मोह होतो, उतार तिकडेच असतो ना. सोडू नका. ते पाणी काठाची माती कापतं, कुजलेल्या पानांतला फॉस्फरस तळ्यात नेतं, आणि ऑगस्टमध्ये तळ्यावर हिरवं शेवाळ येतं तेव्हा सगळेच नाक मुरडतात. तळ्याकाठच्या जमिनीवर बांधकामाचे वेगळे नियम असतात, गावाच्या ऑफिसात विचारून घ्या. आम्ही घरापासून दहा फुटांवर एक उथळ खड्डा करून त्यात इथलीच रानटी झाडं लावली. रेन गार्डन म्हणतात त्याला. पाणी तिथे थांबतं, मुरतं. आईने तिथे कढीपत्ता लावायचा प्रस्ताव ठेवला होता, तो थंडीने नामंजूर केला.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे इथेच वाचतात.

मिनेसोटात घराचं काम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसन्स लागतं, असं आपण धरून चालतो. पण कायद्यात एक खाच आहे. कामांचे गट केलेले आहेत, आणि जो फक्त एकाच गटातलं काम करतो त्याला लायसन्स लागत नाही. गटर हे सायडिंग आणि रंगकामाबरोबर ‘बाहेरचं फिनिशिंग’ या गटात येतं. म्हणजे फक्त गटर बसवणारा माणूस लायसन्सशिवाय कायदेशीर धंदा करू शकतो. छपराचं काम करणाऱ्याला मात्र लायसन्स लागतंच. आता यात धोका काय? कॉन्ट्रॅक्टरने बुडवलं तर ग्राहकाला भरपाई द्यायला राज्याचा एक निधी आहे, पण तो फक्त लायसन्सवाल्यांच्या कामासाठी. बाकीच्यांनी बुडवलं तर तुमचे तुम्ही. म्हणून सरळ विचारा, “लायसन्स आहे का? नंबर द्या,” आणि राज्याच्या कामगार खात्याच्या वेबसाइटवर तपासा. नसेल तर माणूस वाईट असं नाही, पण मग पूर्ण पैसे आगाऊ अजिबात देऊ नका. तुमच्या राज्यात नियम वेगळा असेल, तो बघून घ्या.

इन्शुअरन्सचे दोन कागद मागा: एक नुकसानभरपाईचा, दुसरा कामगारांचा. ते कॉन्ट्रॅक्टरच्या हातून न घेता त्याच्या इन्शुअरन्स एजंटकडून थेट मागवा. शिडीवरून माणूस पडतो, हे या कामात होतंच. कागद नसेल तर तो दावा तुमच्या दारात येऊ शकतो. आणि त्या पोराचे हाल होतात ते वेगळेच.

विक्रेत्याने घरी येऊन सही घेतली असेल, तर अमेरिकेच्या कायद्याने साधारणपणे तीन कामाच्या दिवसांत तुम्ही करार रद्द करू शकता. रद्द करायचा फॉर्म त्यानेच द्यायचा असतो. गारपिटीनंतर दारोदार फिरणारे ‘इन्शुअरन्समधला तुमचा हिस्सा आम्ही भरतो’ म्हणतात. मिनेसोटात अशी ऑफर देणं बेकायदा आहे. ऐकलंत की दार लावा.

शेवटचा कागद: पैसे चुकते करताना लीन वेव्हर घ्या. कॉन्ट्रॅक्टरने पत्रेवाल्याचे पैसे थकवले तर तो पत्रेवाला तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो. मिनेसोटात त्यासाठी शेवटच्या कामापासून १२० दिवसांची मुदत असते. तुम्ही पैसे दिलेत तरीही, बरं का!

वेळ कधीची धरायची? वसंतात सगळे गर्दी करतात, नोव्हेंबरात सीलंट नीट धरत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी काम करून घेतलं तर पानगळीआधी एखादा मोठा पाऊस मिळतो. त्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि प्रत्येक कोपरा बघा. शेवटचा हप्ता शक्यतो त्यानंतर द्या. तसं करारात आधीच लिहून घ्या.

आमचं गटर आता एक हिवाळा काढून बसलंय. बेसमेंटच्या त्या कोपऱ्यातली खार झाडली, ती अजून परत आलेली नाही. माळ्याचं काम झालं तरी उत्तरेच्या बाजूला थोडा बर्फ धरतोच, तेवढं अजून शोधायचंय. या वर्षी बाबा एप्रिलमध्येच येतायत, तळ्यावरचा बर्फ फुटतो तो त्यांना बघायचाय.

तर मंडळी, तुमच्या घराचं, भाड्याचं का असेना, छपराचं पाणी कुठे जातं ते पुढच्या पावसात एकदा बघा. गावाकडचं घर असेल तर तिथलंही बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा; पागोळ्यांचे आवाज आले तर पुढच्या भागात ऐकवतो. घर घेणारा एखादा मित्र असेल तर त्याला हा भाग सही करायच्या आधी पाठवा, नंतर नको. भेटूया. काळजी घ्या, आणि शिडीवर एकटे चढू नका!